रिकाम्या खोलीचा आवाज

पैज अगदी फालतू होती. आमच्या इमारतीत जिन्याखाली शिंप्याचं मशीन आहे, तिथे सकाळी आम्ही दोघं-तिघं रेंगाळतो, आणि त्या दिवशी मी सेक्रेटरीच्या हातात माझा चिकटका कप दिला होता. सेक्रेटरीला सगळे पाठीमागे मिशी म्हणतात, मी तोंडावर म्हणतो. त्याने कप उचलला तर बशीही वर आली. बशी ओढायला गेला तर चहा मिशीत. शिंपी तोंडात सुई धरून हसला, ही कला त्याची एकट्याची आहे, मग सुई काढून म्हणाला, "टोपी, लेका, एक आठवडा तरी माणसासारखं राहून दाखव." टोपी म्हणजे मी. लोकांना टोप्या घालतो म्हणून, आणि पोटही त्यावरच भरतो, कारण हे चिकटके कप, रबरी पाली, बसल्यावर ओरडणाऱ्या उशा मी घरीच करतो आणि घरूनच विकतो. म्हटलं, पैज लाव. शिंपी म्हणाला, "रविवारची सोसायटीची मीटिंग संपेपर्यंत. हसायचं नाही, हसवायचं नाही, खोडी काढायची नाही. हरलास तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी सांगेन ते करायचं." "आणि तू हरलास तर?" "मी परकर नेसून मीटिंगला बसतो." "मापाचा?" "मापाचाच. अब्रू आहे शिंप्याची." मिशीने मिशी पुसत साक्षीदार व्हायचं कबूल केलं. आम्ही हातावर हात मारला आणि माझा हात अजून हवेत असताना खिशातला फोन वाजला.

बाई फार गोड बोलत होत्या. अशा बायकांशी भांडता येत नाही, नुसतं मऊ गादीवर बुक्क्या मारल्यासारखं होतं. तुम्हीच ते दारावरच्या हसणाऱ्या बेलवाले का, म्हणाल्या. म्हटलं, मीच. तर म्हणाल्या, त्या बेलमधलं हसणं आमचं आहे. शिंपी आणि मिशी माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते तोंड सरळ ठेवायचं होतं, एवढंच त्या क्षणी कळत होतं. बाईंनी समजावून सांगितलं. जुनी खेळण्यांची कंपनी होती ना, हसरी थैली काढणारी, ती आमच्या कंपनीने विकत घेतली, तिच्या सगळ्या आवाजांसकट. कुत्र्याचं भुंकणं, आगगाडी, बाळाचं रडणं, आणि हे. "आमच्या संग्रहात त्याचं नाव 'स्त्री, हास्य, स्वच्छ' असं आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "स्वच्छ म्हणजे?" "म्हणजे शब्द नसलेलं." मी फोन ठेवला. शिंपी म्हणाला, "कोण रे?" मी म्हटलं, "राँग नंबर." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग मिशीला कोपराने ढोसून म्हणाला, "बघ बघ, सुरुवात केली साहेबांनी. काय चेहरा केलाय, जसं कोणी मेलंय."

ते हसणं माझ्या बायकोचं. मी त्या जुन्या कंपनीला रबरी पाली पुरवत होतो तेव्हा त्यांच्या डोक्यात ही थैली आली, मुठीएवढी कापडी थैली, दाबली की हसणार. नाटकातल्या नट्या बोलावून बघितल्या, त्यांचं हसणं पाठ केल्यासारखं यायचं. मी मालकाला म्हटलं, हसणंच हवंय ना, माझ्या घरी रोज फुकट जातं, घेऊन येतो. ही तयारही झाली, केस विंचरून आली, जणू फोटो काढायचाय. खोलीच्या भिंतींना सतरंजीसारखं काहीतरी ठोकलेलं, मधे एक खुर्ची, तिच्या तोंडासमोर माईक, आणि काचेपलीकडे एक काडीसारखा रेकॉर्डिंगवाला. तो म्हणाला, हसा. तर ही तोंडावर हात धरून बसली. मी काय काय केलं. काचेवर जाऊन आपटलो, ओरडणाऱ्या उशीवर बसलो, रेकॉर्डिंगवाल्याच्या खांद्यावर पाल ठेवली. ही आपली सासरच्या पाहुण्यांसमोर हसावं तशी ओठातल्या ओठात. शेवटी तो काडी म्हणाला, राहू द्या बाई, नाही जमत सगळ्यांना, निदान खोलीचा आवाज घेऊन ठेवतो. मी विचारलं, खोलीचा कसला आवाज, खोली तर रिकामी आहे. तो म्हणाला, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, नंतर तुकडे जोडायला लागते, नाहीतर मधे भोकं पडल्यासारखी ऐकू येतात. मग त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि मास्तरासारखं बोट वर केलं. "आता कोणी बोलायचं नाही. हलायचं नाही. आणि कृपा करून हसायचं नाही." दिवा लाल झाला. हिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच करत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी हात बांधून, पाय जुळवून, शहाण्यासारखा उभा होतो, आणि नेमकं तेच हिला सहन झालं नाही.

आधी नाकातून सुरू झालं, बंद भांड्याचं झाकण थरथरावं तसं. मग झाकण उडालं आणि ते हसणं जिन्यावरून पोरगी धडाधड उतरावी तसं खाली खाली गेलं, आणि तळाला पोचल्यावर श्वास आत ओढताना बिजागरी करकरते तसा एक बारीक आवाज. आणि त्यानंतर, डोळे पुसत, "पुरे, मेल्या." चारचौघांत ती मला अहोच म्हणायची. मेल्या घरातलं, दार लावल्यानंतरचं. तिथे ते निसटलं, आणि काडीचे कान लाल झाले. मालकाने नंतर करकरण्यापर्यंतचं ठेवलं आणि पुढचं कापलं. म्हणाला, पोरांची वस्तू आहे, त्यात मेल्या नको. घरी येताना ही म्हणाली, "माझं हसणं ठेवलं आणि बोलणं कापलं. नवऱ्यांना आवडेल ही थैली." कागदावर सही करतानाही ती हसतच होती. काय लिहिलंय वाच तरी, मी म्हटलं, तर म्हणाली, "हसण्याचे पैसे देतायत, रडणं माझ्याकडेच राहतंय, अजून काय वाचायचं." तो सौदा चांगला होता. मी आजही म्हणतो, चांगला होता. त्या पैशाचं आमचं पहिलं कपाट आलं, आणि थैली दुकानादुकानांत हसत होती, आणि आम्ही रस्त्याने जाताना कुठल्यातरी पोराच्या खिशातून ही हसली की ही स्वतःच दचकायची आणि मला चिमटा काढायची.

मला आयुष्यभर मेल्या म्हणाली आणि मेली ती. शब्दांचा असला घोळ मी घातला असता तर लोकांनी वाह्यात विनोद म्हणून झोडपला असता. दवाखान्यातून मी तिच्या चपला पिशवीत घालून आणल्या, आणि दाराशी आल्यावर सवयीने बेल दाबली. आतून कोण उघडणार होतं. ती बेल नुसती टिंगटाँग करणारी होती, वाजली आणि थांबली, आणि मी घराच्या किल्ल्या खिशात असून दारासमोर उभा राहिलो. पुढे कधीतरी माळ्यावरच्या जुन्या नमुन्यांच्या खोक्यात थैली सापडली. दाबली तर घोगरी, दमेकऱ्यासारखी, आतली तबकडी झिजत आलेली. मी घाईघाईने तो आवाज उतरवून घेतला, साफ केला, नखाएवढ्या चिपमध्ये भरला आणि दाराच्या बेलमध्ये बसवला. त्यानंतर थैली दोनदा हसली असेल, मग कायमची मुकी. पण दार हसायला लागलं. कुरियरवाला आला की दार हसायचं. मिशी मेंटेनन्स मागायला आला की दार हसायचं, आणि तो म्हणायचा, वहिनी बरोबर ओळखतात मला. शिंपी तर काम नसताना वर यायचा, बटण दाबायचा आणि मी दार उघडायच्या आत खाली निघून जायचा. मी जिन्यात डोकावून ओरडायचो, "काय पाहिजे रे?" खालून आवाज यायचा, "काही नाही, चुकून लागलं." लांब राहणारी मुलगी फोनवर सगळी विचारपूस झाली की शेवटी म्हणायची, "बाबा, बेल वाजव ना एकदा." मी दार उघडून बाहेर जायचो, फोन बेलशी धरायचो. मग कोणी विचारलं, आम्हालाही असली बेल द्या, आणि मी दिली. पुष्कळांना दिली. मला वाटायचं, या गावात जेवढी दारं हिच्या आवाजात उघडतील तेवढं बरं.

दुसऱ्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्यांना सगळं सांगितलं, तोंड सरळ ठेवून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "टोपी, मागे त्या पलीकडच्या दुकानदाराने तुमची रडणारी बशी उचलली होती, तेव्हा तुम्ही माझ्याकडे आला होतात. माझ्या डोक्यातली वस्तू चोरली म्हणून केवढे नाचला होतात. तेव्हा हाच कायदा तुम्हाला गोड लागला होता." म्हटलं, लागला होता, खोटं कशाला बोलू. रडणारी बशी माझीच होती, भोक कुठे पाडायचं हे शोधायला मी कितीतरी बशा फोडल्या होत्या, आणि त्याने नुसती एक विकत नेऊन साचा काढला होता. कायद्याने त्याला गप्प केल्यावर मी पुढच्या बशीला हात घातला, नाहीतर घातला नसता. ते कळतं मला. वकीलबाई म्हणाल्या, "मग हेही कळून घ्या. खोली त्यांची, टेप त्यांची, सही तुमच्या मिसेसची. रेकॉर्डिंग त्यांचं आहे." "आणि थैली?" "थैली तुम्ही विकत घेतलीत, ती ठेवा." "ती मुकी आहे हो." "हो," त्या म्हणाल्या, "थैली तुमची, आवाज त्यांचा." थोडा वेळ त्या चष्म्याच्या काडीशी खेळल्या. मग म्हणाल्या, "हसणं मात्र त्यांचं नाही. उद्या कोणी स्वतःच्या गळ्यातून अगदी तसंच्या तसं हसलं, तर कोणाचा बाप काही करू शकत नाही." मी म्हटलं, "तो गळा आता कुठून आणू?" मी निघालो तेव्हा दारातून म्हणाल्या, "पैज फार मनावर घेतलीये तुम्ही. इतकं गंभीर नका होऊ, भीती वाटते."

पैजेचं हेच बरं होतं. आठवडाभर मी भिंतीसारखा चेहरा घेऊन हिंडलो आणि कोणी काय झालं म्हणून विचारलं नाही. उलट कौतुक. पोरं मागे लागायची, गुदगुल्या करायची, मिशीने एकदा मुद्दाम उलटा शर्ट घालून बघितला. शिंपी जिन्याखालून नजर ठेवून असायचा, आणि मी उतरलो की मशीन थांबवून म्हणायचा, "वा, नट आहेस तू, उगाच पाली विकत बसलास." मला वाटायचं, याला सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर पैज मोडेल, आणि पैज मोडली तर या तोंडाला काय कारण द्यायचं. ही गेली तेव्हा असं कारण नव्हतं, तेव्हा मी तेराव्याच दिवसापासून खोड्या काढायला लागलो होतो, कारण लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करायचे, आणि मला ते आवाज वर आणायचे होते. आता कारण होतं आणि आतून काहीच वर येत नव्हतं. नवी बेल करून बघितली. दुसऱ्या कोणाचं तरी हसणं घेऊ म्हणून मेहुणीला बोलावलं, सख्खी बहीण हिची, थोडं तरी रक्तात असेल. ती बिचारी माझ्या टेबलाशी बसून हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि म्हणाली, "भावजी, मला तिच्यासारखं नाही येत, मी नेहमी तिच्याकडे बघून हसायचे." टेबलावर अर्धवट बेली पडल्या होत्या, पोटं उघडून. माझ्या हातांना ठाऊक असतं एरवी, स्प्रिंग बोटांत आली की ती कुठे उडी मारणार हे आधी बोटांना कळतं आणि मग मला. ती बोटं त्या आठवड्यात टेबलावर हातमोज्यांसारखी पडून होती.

कंपनीच्या गोड बाईंचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही कोर्टात जात नाही, तुम्ही विकणं थांबवा, उतरवून घेतलेला आवाज पुसा आणि सगळ्या चिपा परत द्या. दारावरचीसुद्धा, कारण ती पाहूनच लोक मागणी करतात, म्हणजे तो नमुना झाला. मी म्हटलं, ते माझं दार आहे. त्या म्हणाल्या, हो ना. मग हळूच म्हणाल्या की लहानपणी त्यांच्याकडेही ती थैली होती, उशीखाली घेऊन झोपायच्या, आई ओरडायची. माझा राग तिथेच गळाला, आणि रागाशिवाय माझ्याकडे दुसरं होतंच काय. मी विचारलं, "त्याच्या पुढचं असेल का हो तुमच्याकडे? करकर झाल्यानंतर दोन शब्द होते." त्यांनी शोधलं. खरंच शोधलं असावं, दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. मूळ टेपा जुन्या कंपनीने पुसून पुन्हा वापरल्या होत्या. "त्या दिवसाचं एवढं एकच शिल्लक आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या आधीची थोडी शांतता." मी म्हटलं, "रिकाम्या खोलीचा आवाज." "हो, तसंच लिहिलंय."

आता मी काही साधुसंत नाही. एक चिप मी बाजूला ठेवली, डाळीच्या डब्यात. शनिवारी दुपारी दारावरची बेल उतरवली, उतरवून घेतलेला आवाज पुसला, बाकीच्या चिपा खोक्यात भरल्या, आणि मग स्वयंपाकघराची खिडकी लावून, डबा उघडून, ती चिप बॅटरीला लावली. ती हसली. डबे, नळ, ओटा, आणि मी. कोणी आलेलं नव्हतं, कोणाला दार उघडायचं नव्हतं. भिंतीपलीकडे कोणी रडत असावं आणि आपण कान लावून ऐकावं, तसं झालं मला. पुन्हा लावली, पुन्हा तसंच. ही कधी चोरून हसली नव्हती. जी बाई हसायचं नाही म्हटल्यावर लाल दिव्याखाली हसली, तिला मी डाळीच्या डब्यात लपवून ठेवत होतो. मी ती चिपही खोक्यात टाकली, आणि माणूस येऊन खोकं घेऊन गेला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. शेवटी म्हणाली, "बाबा, बेल?" मी म्हटलं, "लाइट गेलेत गं." ती म्हणाली, "बेल बॅटरीवरची आहे ना?" आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो, दोन्हीकडच्या खोल्या ऐकत.

रविवारी मीटिंग पार्किंगमध्येच असते, स्कूटर हलवून खुर्च्या मांडतात. मी पहिल्या रांगेत, चेहरा इस्त्री केलेला. शिंपी शेजारी, मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "आणलायस?" मी ओठ न हलवता विचारलं. "आणलाय. नाडीसकट," तो म्हणाला, "जिंकलास तू, लेका. पण हे असं नको रे. उद्यापासून पुन्हा सुरू कर. घर स्मशान केलंस." पाणी, गळती, लिफ्ट, सगळं पार पडलं. शेवटी मिशी उठून उभा राहिला. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर महिन्यापूर्वी वारले होते, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता. सगळे उभे राहिले. मिशीने घड्याळ वर धरलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर थांबला, आणि बोट वर करून म्हणाला, "आता कोणी बोलायचं नाही. हलायचं नाही. आणि कृपा करून कोणी हसायचं नाही."

शांतता पडली. पाण्याचा पंप घुमत होता. एक ट्यूबलाइट किरकिरत होती. कुठेतरी नळ टपटपत होता, आणि या सगळ्याच्या खाली पार्किंगची स्वतःची अशी एक शांतता होती, जाड, सतरंजीसारखी, आणि मी हात बांधून, पाय जुळवून, शहाण्यासारखा उभा होतो. मी वळून शेजारी बघितलं. तिथे शिंपी होता, परकर छातीशी धरून तसाच शहाण्यासारखा उभा. आणि मला कळलं की तिला तेव्हा काय दिसलं होतं.

नाकातून सुरू झालं. मी दाबलं तसं जास्तच. मास्तरांची लेक समोर उभी, मिशीचं घड्याळ हवेत, आणि मी वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, फुटलो. कोणी तरी शी म्हणालं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मी माफी मागायला वर बघितलं तर मास्तरांची लेक म्हणाली, "असू दे काका, बाबाही तुमच्यामुळे असेच फुटायचे." मिशीने घड्याळ खाली केलं. "हरला," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"हरला," शिंपी म्हणाला. त्याने परकर खुर्चीवर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सगळे वाट बघत होते, आता कोंबडा करतो की नाचवतो. तो हळू म्हणाला, "काल वर गेलो होतो रे तुझ्याकडे. बटण दाबायला. भिंतीत नुसतं भोक आहे." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सांगेन ते करायचं ठरलंय. बेल वाजव." आणि त्याने माझ्या शर्टाच्या वरच्या बटणावर अंगठा ठेवला. बटण त्यानेच लावलेलं होतं. अंगठा दाबला.

पहिल्यांदा पंपासारखा आवाज आला. पोरं हसली. त्याने अंगठा उचलून पुन्हा दाबला. मी वकीलबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, म्हणजे हो, चालतं. मी डोळे मिटले आणि झाकण थरथरवलं. मग उडू दिलं. पुरुषाचा घसा, फाटका, वयाचा, पण जिना मला पाठ होता, कुठल्या पायरीवर ती जोरात पडायची, कुठली गाळायची. मी धडाधड खाली गेलो, आणि तळाशी जाऊन श्वास आत ओढला, आणि बिजागरी करकरली. अगदी तीच. मागे कोणाचा तरी हुंदका ऐकू आला. सगळ्यांना वाटलं, झालं. बेल इथेच थांबायची, सगळ्यांना तेवढंच माहीत. खुर्च्या सरकायला लागल्या.

शिंप्याने अंगठा काढला नव्हता. त्याला काय कळलं होतं कोण जाणे. "संपलं?" त्याने विचारलं.

मी डोळे पुसले, ती पुसायची तसे, मनगटाने. चारचौघांत कधीच न म्हणायचं ते घशाशी आलं होतं, आणि म्हणून टाकलं तर मग माझ्याकडे एकट्याकडे काहीच उरणार नव्हतं.

"पुरे," मी म्हटलं. "पुरे, मेल्या."